नवीन लॅपटॉपवर जुनं बिलिंग चालत नाही? मग कॉम्प्युटरच्या आत कॉम्प्युटर बसवा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी माझ्या लॅपटॉपवर एक खिडकी उघडली आणि त्या खिडकीत अख्खं विंडोज ७ सुरू करून दाखवलं. बाहेर विंडोज ११, आत विंडोज ७. दोन्ही एकाच वेळी, एकाच लॅपटॉपवर. याला म्हणतात व्हर्च्युअल मशीन.

बघताना तुम्हाला वाटलं असेल, हा तर कॉम्प्युटर शिकलेल्या पोरांचा खेळ. आपल्याला दुकान चालवायचंय, आपल्याला काय करायचंय? मलाही असंच वाटायचं. बीबीएला आम्हाला बॅलन्स शीट शिकवली, मार्केटिंग शिकवलं, पण दुकानातला कॉम्प्युटर मेला तर उधारी कशी वाचवायची हे कुणी शिकवलं नाही. ते मी आपटून शिकलो. तुम्ही आपटू नये म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

मृगाच्या तोंडावर कॉम्प्युटर गेला

आमचं लातूर जिल्ह्यात कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खत, औषधं. आमच्या धंद्यात उधारी टाळता येत नाही. शेतकरी जूनमध्ये सोयाबीनचं बियाणं नेतो आणि माल विकला की दिवाळीच्या आसपास पैसे देतो. त्यामुळे दुकानाचं खरं भांडवल गोडाऊनमध्ये नसतं, खातेवहीत असतं.

आमची खातेवही एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये होती. बाबांनी गावातल्याच एका प्रोग्रामरकडून फॉक्सप्रोमध्ये बिलिंग बनवून घेतलं होतं. काळी स्क्रीन, पांढरी अक्षरं, माऊस नाही. पण बाबांची बोटं त्यावर अशी चालायची की बिल निघेपर्यंत गिऱ्हाइकाची पिशवी भरून व्हायची नाही.

तीन वर्षांपूर्वी, मृग लागायच्या आठवडाभर आधी, तो कॉम्प्युटर बंद पडला. आधी पॉवर सप्लाय गेला, सोबत मदरबोर्डही. मी बाबांना म्हटलं, काळजी करू नका. नवा लॅपटॉप आणला, जुनी हार्ड डिस्क काढून फोल्डर कॉपी केला, आयकॉनवर दोनदा क्लिक केलं. स्क्रीनवर संदेश आला की हा प्रोग्राम या कॉम्प्युटरवर चालू शकत नाही.

प्रोग्रामर केव्हाच गाव सोडून गेलेला. दुकानात रांग लागलेली. मी ड्रॉवरमधून बाकीची छापील यादी काढली, दिवाळीच्या आधीची, आणि तिच्यावर काम सुरू केलं. तिसऱ्या दिवशी एक काका आले. बाबांचे वीस वर्षांचे गिऱ्हाईक. मी यादी बघून चार लोकांसमोर म्हटलं, "काका, मागची बाकी राहिलीय, ती आधी बघू."

काका म्हणाले, "भैया, मी दिवाळीतच दिलो की पैसे. तुझ्या वडलाच्या हातात दिलो."

यादी जुनी होती. पैसे त्यांनी यादी छापल्यानंतर दिले होते आणि ती नोंद फक्त त्या बंद पडलेल्या प्रोग्राममध्ये होती. काका बियाणं न घेताच गेले. रात्री बाबा मला एवढंच म्हणाले, "हिशोब चुकला तर पैसे जातात. माणसाला खोटं पाडलं तर माणूस जातो."

प्रोग्राम का चालला नाही?

हे समजून घ्या, कारण तुमच्या ओळखीच्या एखाद्या पतसंस्थेत, आडतीच्या दुकानात, मेडिकलमध्ये अजूनही असे प्रोग्राम असतील.

जुने डॉसचे प्रोग्राम १६ बिटच्या जमान्यातले. विंडोजच्या ३२ बिट आवृत्तीत ते चालवायची सोय होती, ६४ बिट आवृत्तीत ती नाही. विंडोज ७ आणि विंडोज १० दोन्ही प्रकारांत मिळायचे, म्हणून अनेकांचं काम वर्षानुवर्षं चालून गेलं. विंडोज ११ मात्र फक्त ६४ बिटमध्येच येतं. म्हणजे तुमचा लॅपटॉप खराब नाही, तुमचा प्रोग्रामही खराब नाही. दोघांची भाषा जुळत नाही, एवढंच.

आणि हा प्रश्न आता जास्त लोकांना येणार आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. प्रोसेसरही ठरावीक पिढीनंतरचाच चालतो. दुकानातले बरेच जुने कॉम्प्युटर यात बसत नाहीत. लोक नवीन मशीन घेणार आणि घेतल्यावर पहिल्या दिवशी माझ्यासारखेच डोक्याला हात लावून बसणार.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे नेमकं काय?

समजा तुमचं घर मोठं आहे. तुम्ही एक खोली भाड्याने दिली. भाडेकरू स्वतःचं सामान आणतो, स्वतःच्या पद्धतीने राहतो. घरमालकाच्या स्वयंपाकघरात तो येत नाही. त्याच्या खोलीत पसारा झाला तरी तुमच्या हॉलमध्ये कचरा येत नाही.

इथे घरमालक म्हणजे तुमचा लॅपटॉप आणि त्याचं विंडोज ११. याला होस्ट म्हणतात. भाडेकरू म्हणजे आत चालणारं विंडोज ७. त्याला गेस्ट म्हणतात. होस्ट आपली थोडी रॅम, थोडी डिस्क, प्रोसेसरचा थोडा वेळ गेस्टला देतो. गेस्टला वाटतं, हा संपूर्ण कॉम्प्युटर माझाच आहे. त्याची हार्ड डिस्क म्हणजे प्रत्यक्षात तुमच्या लॅपटॉपवरची एक मोठी फाइल असते.

ही कल्पना काही आजची नाही. आयबीएमने १९७२ मध्ये आपल्या मोठ्या मशीनसाठी अशी व्यवस्था बाजारात आणली होती. साध्या डेस्कटॉपवर ती १९९९ मध्ये व्हीएमवेअर वर्कस्टेशनमुळे आली. आज ती फुकट मिळते.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं?

तीन पर्याय सांगतो.

पहिला, व्हर्च्युअलबॉक्स. ओरॅकल कंपनीचं आहे. मूळ पॅकेज ओपन सोर्स आहे आणि धंद्यासाठीही फुकट वापरता येतं. पण त्यासोबत 'एक्स्टेन्शन पॅक' नावाची वेगळी गोष्ट मिळते, तिचा परवाना वेगळा आहे. घरगुती वापराला ती फुकट आहे, व्यवसायाला नाही. आपल्या कामाला ती लागत नाही, म्हणून डाउनलोडच करू नका.

दुसरा, व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो. हे पूर्वी विकत घ्यावं लागायचं. नोव्हेंबर २०२४ पासून व्यवसायासाठीही फुकट झालंय.

तिसरा, हायपर-व्ही. हे मायक्रोसॉफ्टचंच आहे, पण विंडोजच्या प्रो आवृत्तीत मिळतं, होममध्ये नाही. आपल्यातल्या बहुतेकांच्या लॅपटॉपवर होमच असतं.

मी व्हर्च्युअलबॉक्स वापरतो. पुढचं सगळं त्याच्याच हिशोबाने सांगतो.

आणि एक सूचना. लॅपटॉप घेताना इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरचाच घ्या. काही नवीन लॅपटॉपमध्ये मोबाइलसारखा एआरएम प्रोसेसर असतो. त्यावर जुनं विंडोज असं बसवता येत नाही. रॅम ८ जीबी असेल तर काम निवांत चालतं.

पायरी पायरीने करू

पायरी १: आधी डेटाच्या प्रती. जुनी हार्ड डिस्क हातात आली की पहिलं काम हेच. बिलिंगचा पूर्ण फोल्डर एकदा लॅपटॉपवर, एकदा बाहेरच्या डिस्कवर आणि एकदा गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी. तीन प्रती झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. मूळ डिस्क कागदात गुंडाळून कपाटात ठेवा. तिच्यावर प्रयोग नाही.

पायरी २: लॅपटॉप तयार आहे का ते बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा. खाली 'व्हर्च्युअलायझेशन' लिहिलेलं दिसेल. पुढे 'एनेबल्ड' असेल तर उत्तम. 'डिसेबल्ड' असेल तर बायोसमध्ये जाऊन सुरू करावं लागतं. इंटेलमध्ये ते व्हीटी-एक्स आणि एएमडीमध्ये बहुतेक वेळा एसव्हीएम या नावाने असतं. जमत नसेल तर कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

पायरी ३: विंडोजचा परवाना. व्हर्च्युअल मशीनमधल्या विंडोजलाही स्वतःचा परवाना लागतो. आमच्याकडे वेगळी विकत घेतलेली विंडोज ७ ची ३२ बिट सीडी होती आणि जुनं मशीन बंद झालेलं, त्यामुळे तीच वापरली. जुन्या कॉम्प्युटरसोबत कंपनीकडून आलेलं विंडोज सहसा त्याच मशीनला बांधलेलं असतं, हे लक्षात ठेवा. आणि इंटरनेटवर 'तयार विंडोज एक्सपी, क्रॅकसकट' अशा फाइल मिळतात, त्यांना हात लावू नका. ज्या खोलीत खातेवही ठेवायचीय, तिची किल्ली अनोळखी माणसाकडून घ्यायची का?

पायरी ४: मशीन बनवा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये 'न्यू' दाबा. नाव द्या. रॅम २ जीबी, डिस्क ३२ जीबी. ३२ बिट विंडोज ७ ला किमान १ जीबी रॅम आणि १६ जीबी जागा लागते, म्हणजे एवढं भरपूर झालं. डिस्क वाढत जाणारी ठेवा, म्हणजे लागेल तेवढीच जागा खाते. मग नेहमीसारखं विंडोज इन्स्टॉल करा.

पायरी ५: गेस्ट ॲडिशन्स टाका. व्हर्च्युअलबॉक्सच्या मेन्यूतूनच मिळतं. त्यामुळे स्क्रीन नीट बसते आणि 'शेअर्ड फोल्डर' वापरता येतो. शेअर्ड फोल्डर म्हणजे घरमालक आणि भाडेकरूच्या मधली खिडकी. तिच्यातून बिलिंगचा फोल्डर आत घ्या.

पायरी ६: इंटरनेट बंद. हे सगळ्यात महत्त्वाचं. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० नंतर मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट नाही, एक्सपीला तर ८ एप्रिल २०१४ पासूनच नाही. अशा विंडोजला इंटरनेटवर सोडायचं नाही. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'होस्ट-ओन्ली' निवडा. मग ते फक्त तुमच्या लॅपटॉपशी बोलेल, बाहेर नाही. ईमेल, बँक, जीएसटी पोर्टल हे सगळं बाहेरच्या विंडोज ११ वरच करायचं.

पायरी ७: प्रिंटर. डॉसचे प्रोग्राम एलपीटी१ नावाच्या पोर्टवर छापतात आणि आताच्या लॅपटॉपला ते पोर्टच नसतं. आम्ही यूएसबीचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर गेस्टला जोडला, आत तो शेअर केला आणि 'नेट यूज' या कमांडने एलपीटी१ त्याच्याकडे वळवला. व्हिडिओत ही कमांड स्क्रीनवर दाखवलीय, थांबवून लिहून घ्या.

खालच्या कोपऱ्यात हिरवं कासव दिसलं तर घाबरू नका. विंडोज ११ ची सुरक्षेची एखादी सोय किंवा हायपर-व्ही सुरू असलं की व्हर्च्युअलबॉक्स थोडं हळू चालतं, त्याची ती खूण आहे. खातेवहीला रेसचा घोडा लागत नाही. त्या कासवासाठी लॅपटॉपची सुरक्षा बंद करू नका.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे

सगळं चालू झालं की 'स्नॅपशॉट' घ्या. म्हणजे त्या क्षणी मशीन जसं आहे तसं गोठवून ठेवणं. उद्या काही बिघडलं तर एका क्लिकवर पुन्हा तिथे येता येतं. फार कामाची सोय आहे, पण दोन ठिकाणी माणूस फसतो.

पहिलं, स्नॅपशॉट त्याच लॅपटॉपवर असतो. लॅपटॉप चोरीला गेला तर स्नॅपशॉटही गेला.

दुसरं, सोमवारचा स्नॅपशॉट शुक्रवारी परत आणला, तर मधल्या चार दिवसांची बिलंही पुसली जातात. मशीनला ती बिलं झालीच नाहीत असं वाटतं. म्हणून मागे जायच्या आधी डेटा फोल्डर बाहेर कॉपी केलाच पाहिजे.

आमच्या दुकानात नियम आहे. शटर ओढायच्या आधी दिवसाचा डेटा शेअर्ड फोल्डरमधून बाहेर येतो, तिथून बाहेरच्या डिस्कवर जातो. गल्ला मोजल्याशिवाय घरी जात नाही ना आपण? तसंच हे.

महिन्यातून एकदा पूर्ण मशीन 'एक्स्पोर्ट' करून ठेवतो. एक मोठी फाइल तयार होते. दुसऱ्या कोणत्याही लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाकून ती उघडली की दुकान पुन्हा सुरू. पण ही फाइल पेनड्राइव्हवर घेताना 'फाइल फार मोठी आहे' असं आलं, तर पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीचा असेल. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. पेनड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

हा पूल आहे, घर नाही

आता खरं सांगायचं ते हे. व्हर्च्युअल मशीनमुळे आमचं जुनं बिलिंग वाचलं. बाबा खूश झाले. म्हणाले, आता हेच चालू दे. मी म्हटलं, नाही.

ज्या प्रोग्रामचा माणूस गेलाय, ज्या विंडोजला कंपनीने सोडलंय, त्यावर पुढची दहा वर्षं धंदा बांधायचा नाही. पुलावरून पलीकडे जायचं असतं. पुलावर घर बांधत नाहीत.

फॉक्सप्रोचा डेटा डीबीएफ फाइलमध्ये असतो. या फाइल एक्सेलमध्ये किंवा लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडतात. तिथून सीएसव्ही बनवून नवीन सॉफ्टवेअरमध्ये घेता येतात. आमची नावं इंग्रजी अक्षरांत होती, म्हणून सोपं गेलं. तुमच्याकडे जुन्या जिस्ट कार्डवर मराठीत टाइप केलेली नावं असतील, तर ती सरळ वाचता येणार नाहीत. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतील.

आम्ही १ एप्रिलला नवीन सॉफ्टवेअरवर गेलो. पहिले तीन महिने दोन्हीकडे नोंद केली. रात्री दोन्हीची बाकी जुळवायची. त्रास झाला, पण चुका त्याच तीन महिन्यांत सापडल्या, पुन्हा कुणासमोर मान खाली घालावी लागली नाही.

जुनं मशीन मी पुसलं मात्र नाही. जीएसटी कायद्यानुसार हिशोबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. जुनं बिल कुणी मागितलं तर ते उघडून दाखवता आलं पाहिजे. ती जुनी खिडकी आता तेवढ्यासाठीच उघडते.

तुम्ही आत्ता सुरुवात करत असाल तर

तुमच्यापैकी अनेकांनी अजून दुकान टाकलेलंही नाही. तुम्हाला जुन्या सॉफ्टवेअरचं ओझं नाही, हे नशीब समजा. पण आज घेतलेलं सॉफ्टवेअर दहा वर्षांनी जुनंच होणार आहे. म्हणून विकणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. माझा सगळा डेटा एक्सेल किंवा सीएसव्हीमध्ये बाहेर काढता येतो का? तुमची कंपनी बंद पडली तर मी जुनी बिलं कशी बघू? बॅकअपची फाइल नेमकी कुठे असते? उत्तर देताना समोरचा अडखळला तर तुम्हीही थांबा.

आणि व्हर्च्युअल मशीन तुम्हालाही उपयोगी आहे, उलट्या बाजूने. नवीन काही घ्यायच्या आधी आत चालवून बघायला. समजा तुमच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ बसत नाही आणि कुणी सांगितलं की लिनक्स टाक, फुकट आहे. लगेच टाकू नका. एखाद्या बऱ्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये लिनक्स मिंट टाका. त्याला किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते, ४ जीबी रॅम दिली तर बरं. मग आठवडाभर वापरून बघा. तुमचा प्रिंटर छापतो का? मराठी टायपिंग जमतं का? डिजिटल सहीचा टोकन ओळखतो का? टॅलीप्राइम विंडोजसाठी बनलंय, ते लिनक्सवर सरळ चालत नाही, मग तुमचं काय होणार? ही उत्तरं खिडकीत मिळाली तर नुकसान शून्य. गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरवर मिळाली तर गिऱ्हाईक उभं असतं.

या आठवड्याचं काम

बिलिंगचा डेटा कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते शोधा. त्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग ती प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये उघडून एका गिऱ्हाइकाचं खातं शोधून दाखवा. उघडलं तरच तो बॅकअप. नाहीतर ती नुसती फाइल.

व्हर्च्युअल मशीनमध्ये आमचं बिलिंग पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा मी पहिलं नाव टाकलं ते त्या काकांचं. यादी छापल्यानंतर नऊ दिवसांनी पैसे जमा, बाकी शून्य. खाते उताऱ्याची प्रिंट काढली आणि बाबांना घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी कागद वाचला नाही. घडी घालून खिशात ठेवला आणि चहा पाजला.

पुढच्या हंगामात ते पुन्हा दुकानात आले. अजूनही येतात. फक्त आता पैसे दिल्यावर पावती हातात पडेपर्यंत काउंटरसमोरून हलत नाहीत.

भेटू पुढच्या व्हिडिओत.